द्रोणातून गळणार नाही असं गोड डिप

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचवीसेक बायका येणार. तळलेलं काही नको म्हणून तुम्ही फळांची प्लेट आणि मधोमध गोड, मलईदार डिप ठेवायचं ठरवलं. रंगीत तालीम म्हणून दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा विकतचं दही आणि साखर मिक्सरमधून काढली, त्याचा मठ्ठा झाला. दुसऱ्यांदा साय-दुधात संत्र्याचा रस घातला, ते फाटलं. रेसिपीत सांगतात ते क्रीम चीज गावात भेटत नाही, तालुक्यालाही नाही. मग आता काय करायचं?

क्रीम चीज नाही म्हणून अजिबात हळहळू नका. अमेरिकेत हे डिप क्रीम चीज आणि मार्शमॅलो क्रीम नावाचा चिकट, फुगलेला साखरेचा फेस एकत्र फेटून करतात. पण क्रीम चीज म्हणजे तरी काय, आंबवलेल्या दूध-सायीतलं पाणी काढल्यावर उरतो तो मऊ गोळा. आपला चक्का त्याचा सख्खा चुलतभाऊच. तो तुम्हाला घरी जमतो, ताजा असतो आणि संत्र्याशी त्याचं फार चांगलं पटतं. का पटतं ते पुढे सांगते.

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरूडकडची. आमच्या बचत गटात दहा जणी आहोत. श्रीखंडाच्या ऑर्डरी घेता घेता आम्ही फळांच्या प्लेटकडे वळलो, कारण संत्र्याच्या हंगामात नागपूर-अमरावतीकडचे पाहुणे वावरात येतात आणि त्यांना काहीतरी 'हलकं' हवं असतं. आमचं पहिलं डिप तुमच्याहून वाईट झालं होतं. हुरड्याला चाळीस माणसं होती. मी हौसेनं सकाळी आठ वाजताच दह्याच्या डिपमध्ये संत्र्याच्या फोडी चिरून कालवून ठेवल्या. बारा वाजता झाकण काढलं तर वर पिवळसर पाणी आणि खाली रवा. एक आजोबा पळसाचा द्रोण उचलून म्हणाले, "बाई, हे प्यायचं का खायचं?" द्रोणाच्या तळाच्या शिवणीतून त्यांच्या धोतरावर थेंब पडून राहिले होते. तेव्हापासून आमच्या गटात डिपची परीक्षा एकच. पळसाच्या द्रोणात चमचाभर घालायचं, पाच मिनिटं थांबायचं, खालून बोट फिरवायचं. बोट कोरडं राहिलं तर पास.

या कामात खरा त्रास पाण्याचा आहे. दह्यात पाणी, सायीत पाणी, फळात तर पाणीच पाणी. त्यात साखर पडली की ती आजूबाजूचं पाणी ओढून घेते आणि त्याचा पाक होतो. तुमचं पहिलं डिप तिथेच बिघडलं. विकतच्या दह्यात पाणी होतंच, वर साखर पडली आणि मिक्सरच्या पात्यानं दह्याची घडी मोडली. दही म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी, तिच्यात पाणी अडकून बसलेलं असतं. पातं इतक्या जोरात फिरतं की ती जाळी फाटते आणि आतलं पाणी मोकळं होतं. एकदा मोकळं झालं की फ्रीजमध्ये कितीही वेळ ठेवा, जाळी पुन्हा विणली जात नाही. म्हणून मिक्सर विसरा. पुरणयंत्र नाहीतर बारीक चाळणी आणि वाटीचा बूड, एवढंच लागतं.

दुसऱ्या वेळचं कारण वेगळं. दूध किंवा ताजी साय आंबट नसते, तिच्यात संत्र्याचं आम्ल पडलं की प्रथिनं गोळा होऊन ती फाटते. दही मुळात आंबवूनच जमलेलं असतं, आणखी दोन थेंब आंबट पडल्यानं त्याचं काही बिघडत नाही. म्हणून संत्रं, स्ट्रॉबेरी, द्राक्षं, अननस असल्या आंबटगोड फळांसोबत चक्क्याचं डिप. रबडीचं, खव्याचं किंवा कस्टर्डचं डिप केळं, चिकू, सीताफळ यांच्यासाठी ठेवायचं. हा एक भेद लक्षात ठेवला तरी अर्धं काम झालं.

आता दही. विकतच्या पिशवीतल्या दह्यावर माझा राग नाही, पण या कामाला घरचं लावा. पंचवीस जणींना माणशी पस्तीसेक ग्रॅम डिप धरलं तर पाऊण किलोच्या वर लागेल, नऊशे ग्रॅमच्या आसपास करा. त्यासाठी दीड लिटर म्हशीचं दूध पुरतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सातेक टक्के असतो, गाईच्या दुधात चारच्या आसपास. लिटरभर म्हशीच्या दुधाच्या दह्यातून साडेचारशे ग्रॅमपर्यंत चक्का उतरतो, गाईच्या दुधातून तीनशे-साडेतीनशे. आर्वी-कारंजाकडे ज्यांच्या घरी गवळाऊ गाय आहे त्यांनी बिनधास्त गाईचं वापरावं, चव सुरेख येते. फक्त चक्का मऊ होतो, तो दोन तास जास्त टांगावा.

दूध उकळी आल्यावर दहा मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा. दही घट्ट लागतं. मग बोट घालून दहा आकडे मोजता येतील इतकं कोमट होऊ द्या आणि विरजण लावा. थंडीत लिटरला दोन लहान चमचे विरजण. जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा दहा-बारावर येतो आणि दही सकाळपर्यंत लागतच नाही. गंज, म्हणजे दह्याचं पातेलं, जुन्या गोधडीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवा. माझी सासू हेच करायची, मीही हेच करते. दही लागल्याबरोबर बाहेर काढा, आंबू देऊ नका. दही आंबलं की बाया साखर वाढवतात, साखर वाढली की पाणी सुटतं, मग पुन्हा सगळं मुळावरच.

लागलेलं दही दोन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि गार झाल्यावरच फडक्यात बांधा. कोमट दही बांधलं तर पाण्याबरोबर स्निग्धांशही वाहून जातो, खाली पडलेलं पाणी दुधाळ दिसतं. पाणी हिरवट-पिवळं आणि स्वच्छ पडलं पाहिजे. फडकं मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं. नवीन कापडाला खळ असते, ते आधी उकळून घ्या. आणि साबणाच्या पावडरमध्ये भिजवलेलं फडकं तर नकोच. एकदा आमच्या एका मैत्रिणीनं धुण्याच्या बादलीतलं फडकं आणलं आणि अख्ख्या चक्क्याला जाईच्या फुलांचा वास लागला. ग्राहकानं विचारलं, इसेन्स कोणता घातला? आम्ही गप्प.

पिळायचं नाही. हे मी दहा वेळा सांगते तरी नवीन आलेली पोरगी हमखास पिळते. पिळलं की चक्क्याचा बारीक भाग कापडातून निघतो आणि उरलेला रवाळ होतो. नुसतं टांगा, खाली गंज ठेवा. हिवाळ्यात रात्री नऊला टांगलं की सकाळी सहाला तयार. उंच टांगा, मांजराला हा कार्यक्रम तुमच्याआधी कळतो. उन्हाळ्यात मात्र हे जमत नाही. आपल्याकडच्या पंचेचाळीसच्या उन्हात चार तासांत चक्का आंबून जातो. फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा. लाइन गेली तर कोपरात, म्हणजे पसरट परातीत, पाणी घालून त्यात गंज ठेवायचा, गंजावर चाळणी, चाळणीत दह्याचं गाठोडं, वरून ओला पंचा, आणि सगळं सावलीत वाऱ्याला. आपली हवा कोरडी असल्यानं ओल्या पंचानं चांगला गारवा येतो. कोकणातल्या माणसाला ही युक्ती सांगून उपयोग नाही, तिथे पंचा वाळतच नाही.

चक्का झाला का ते कसं ओळखायचं? बोटानं दाबून खड्डा करा. खड्ड्यात ओल जमली नाही आणि कडा उभ्या राहिल्या तर झाला. डिपसाठी तो श्रीखंडापेक्षा किंचित कोरडाच हवा, कारण पुढे साखर त्याला सैल करणार आहे. खाली साचलेलं पाणी फेकू नका. त्यात कणीक भिजवली तर पोळ्या मऊ होतात, आणि कढीला घातलं तर आंबटपणा वेगळा घालावा लागत नाही.

साधारण सहाशे ग्रॅम चक्का हाती येईल. तो आधी पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घासून काढा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त फळ देणारीही आहे. चाळणीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या शेवया लोंबायला लागतात, त्या चमच्यानं निपटून घ्यायच्या. जिभेवर जो रेशमासारखा स्पर्श लागतो तो इथून येतो. साय कितीही घाला, न चाळलेला चक्का बोलतोच.

आता दीडशे ग्रॅम साय. दोन-तीन दिवसांची फ्रीजमध्ये साठवलेली, पण विरजण न लागलेली. आधी ती वेगळ्या वाटीत काट्यानं फेटून एकजीव करा. गार असतानाच, आणि हातानं. रवीनं किंवा बीटरनं जास्त फेटलं की पिवळे कण दिसायला लागतात, म्हणजे लोणी निघायला लागलं. तिथून मागे फिरता येत नाही. ते लोणी पोळीला लावा आणि नवी साय घ्या. साय नसेल तर डब्यातलं फ्रेश क्रीम चालेल, पण त्यात स्निग्धांश पंचवीसेक टक्केच असतो, ते फुलून उभं राहत नाही. चक्क्याला मऊ करायला ठीक. केकवाल्यांकडचं गोड फसफसतं व्हिप टॉपिंग मला आवडत नाही. बहुतेक ते दुधाचं नसून वनस्पती तेलाचं असतं, आणि संत्र्याच्या फोडीबरोबर टाळूला चिकटून राहतं. एका बारशाला यजमानांच्या हट्टानं घातलं होतं. प्लेटा अर्ध्या भरलेल्या परत आल्या.

साखर पिठीच हवी, आणि घरी दळून वस्त्रगाळ केलेली. दाणेदार साखर फेटून फेटून विरघळवत बसाल तेवढ्यात चक्का सैल होतो. सहाशे ग्रॅम चक्क्याला शंभर ते एकशेदहा ग्रॅम, म्हणजे एक सपाट वाटी. श्रीखंडाला आपण चक्क्याच्या बरोबरीनं किंवा थोडी कमी साखर घालतो, इथे पाचवा हिस्साही नाही. पहिल्यांदा करणाऱ्या बाया चमचा चाटून म्हणतात, "अगं, हे तर अगोडच झालं." बरोबर आहे. डिप चमच्यानं चाखायचंच नसतं, फोडीबरोबर चाखायचं असतं. घरी करून पाहा. एक चमचा गोड श्रीखंड खा आणि लगेच चांगलं गोड संत्रं खा. संत्रं आंबटढाण लागेल. जिभेला जास्त गोडाची सवय लागली की फळाची गोडी तिला दिसत नाही, फक्त आंबटपणा दिसतो. डिप फळापेक्षा कमी गोड असलं तरच फळ गोड लागतं.

संत्रं कोणत्या बहाराचं, म्हणजे कोणत्या फुलोऱ्याचं, आहे तेही बघा. संक्रांतीच्या सुमाराला आंबियाचा माल संपत आलेला असतो आणि मृगाचा सुरू होत असतो. आंबिया थोडा आंबट, मृग गोड. आंबियाची फळं असतील तर साखर वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, त्याऐवजी साय पन्नास ग्रॅम वाढवा आणि तेवढा चक्का कमी करा. आंबटाला आंबट भिडत नाही आणि स्निग्धपणानं जीभ शांत होते. मृगाचं संत्रं असेल तर वर दिलेलं प्रमाण ठेवा.

चिमूटभर मीठ. एवढंच, पण विसरू नका.

वासाला वेलची, जायफळ, केशर सगळं चालतं, पण संत्र्याच्या गावात राहून मी ते कशाला घालू? आमची खासियत सालीची आहे. झाडावरून उतरवलेल्या संत्र्याची वरची केशरी साल बारीक किसणीवर हलक्या हातानं, दोनच फेऱ्यांत किसायची. आतला पांढरा भाग आला की कडू होतं. हा कीस पिठीसाखरेत टाकून बोटांनी चोळायचा. दोन मिनिटांत साखर ओलसर होते, फिक्या शेंदरी रंगावर येते आणि अख्ख्या स्वयंपाकघरात वास सुटतो. सालीत तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात, चोळल्यानं त्या फुटून तेल साखरेत उतरतं. रसात हा वास नसतो. रसात असतं ते मुख्यतः पाणी आणि आम्ल, म्हणजे डिपचे दोन शत्रू. दीड वाटी रस घालून जे साधत नाही ते दोन संत्र्यांच्या सालीनं साधतं. एक मात्र सांभाळा. बाजारात बाहेरगावी पाठवायच्या संत्र्यांवर मेणाचा थर दिलेला असतो, चकचकीत दिसतात ती. त्यांची साल नको. वावरातलं फळ असलं तरी फवारणी झालेली असते, कोमट पाण्यात मीठ घालून चोळून धुवा, पुसा, मग किसा.

सालीची साखर तयार झाली की चक्का, साय, मीठ आणि ती साखर लाकडी चमच्यानं एकत्र करा. फेटायचं नाही, दुमडायचं. खालून उचलून वर आणायचं, तीस-चाळीस वेळा. या क्षणी ते थोडं सैल वाटेल, घाबरू नका. झाकून दोन तास फ्रीजमध्ये ठेवलं की साईतला स्निग्धांश गारठून बसतो आणि चमचा उभा राहतो. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका, आंबटानं कळकतं. स्टील, काच, चिनीमाती, काहीही चालेल.

गूळ घालू का असं बऱ्याच जणी विचारतात. चक्क्यात चालतो, फाटत नाही. पण रंग मातकट येतो आणि वासात संत्रं हरवतं. जामासोबत मात्र गुळाचं डिप फार छान लागतं. जाम म्हणजे आपला पेरू, पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये. मध घालायचा असेल तर साखर निम्मी करा, मध पातळ असतो. मेळघाटातल्या जंगली मधाला स्वतःचा उग्र वास आहे, एक चमचाही पुरतो. कार्यक्रमाला तान्ही बाळं घेऊन बाया येतात, कुणीतरी कौतुकानं बोट चाटवतंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. म्हणून सार्वजनिक कार्यक्रमाला आम्ही मधाचं डिप करतच नाही.

आता फळं, आणि इथे पपईवर जरा थांबते. आमच्याकडे जुन्या बाया तिला येरंडकाकडी म्हणतात. एकदा पिकलेल्या पपईचा गर चक्क्यात कालवून सुंदर केशरी डिप केलं. तासाभरात ते पातळ झालं आणि दोन तासांत कडू. पोट्ट्यांनी तोंडं वाकडी केली, मला वाटलं दूधच खराब होतं. पुढे डेअरीच्या प्रशिक्षणात कळलं की पपईत प्रथिनं तोडणारा एक पाचक पदार्थ असतो, तोच ज्यामुळे कच्ची पपई लावलेलं मटण लवकर शिजतं. तो चक्क्याची जाळी तोडतो आणि तुटलेले तुकडे कडू लागतात. कच्च्या पपईत तो फार, पिकलेल्यात कमी, पण असतो. ताज्या अननसाचं आणि किवीचंही तेच. ही फळं बाजूला फोडी करून ठेवली, बुडवून लगेच खाल्ली, तर काही होत नाही. कालवून मात्र ठेवायची नाहीत. अननस साखरेत शिजवून गार केला तर चालतो, उष्णतेनं तो पाचक पदार्थ मरतो.

संत्रं सोलून वरच्या पांढऱ्या शिरा काढा. फोड फोडायची नाही. पाठीच्या जाड बाजूला कात्रीनं बारीक चीर देऊन बी दाबून काढा, आतली रसाची पिशवी शाबूत राहते. मग पंच्यावर पसरून अर्धा तास वारा द्या. वरचं आवरण कागदासारखं कोरडं झालं की डिप त्याला धरून बसतं, घसरत नाही. हे अर्ध्या तासाचं वाळवणं कुणी सांगत नाही, पण फरक यानंच पडतो. ओल्या फोडीवर कोणतंच डिप टिकत नाही.

जामाच्या लांब फोडी करा आणि मधला बियांचा गर काढून टाका, दातात अडकतो. तो गर चटणीला जातो. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी डिसेंबरनंतर मिळायला लागते. ती देठासकट धुवा, पुसा आणि देठ तसंच ठेवा, धरायला मूठ होते. देठ काढून धुतली तर आत पाणी शिरतं. द्राक्षं एकेक पुसून काडीला टोचा. केळं आणि सफरचंद काळं पडतं, म्हणून गिलासभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून त्यात फोडी दोन मिनिटं बुडवा आणि कोरड्या करा. लिंबापेक्षा संत्र्याच्या रसात बुडवल्या तर चव चांगली. केळं मात्र शेवटच्या पंधरा मिनिटांतच कापा. बोरं ठेवू नका. हंगाम बोरांचा असतो, मोह होतो, पण बोर आणि चक्का यांचं जमत नाही, आणि पंचवीस बायका बिया कुठे टाकणार? टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, उन्हाळ्यात नदीच्या पात्रातल्या वाड्यांवरून भरपूर येतं, तरी डिपला मी ते घेत नाही. गार करून नुसतंच खावं.

सीताफळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास संपतो, म्हणून तुमच्या कार्यक्रमाला नाही, पण पुढच्या वर्षासाठी सांगते. सीताफळाला चक्का नको. मेळघाटातल्या गवळ्यांकडचा ताजा खवा शंभर ग्रॅम किसून शंभर ग्रॅम सायीत हातानं मळायचा, अगदी कमी साखर, आणि त्यात बिया काढलेला गर. हे डिप केळ्याच्या फोडीबरोबर किंवा वर्ध्याच्या गोरसपाक नावाच्या बिस्किटाबरोबर द्यायचं. संत्र्याच्या फोडी त्या प्लेटमध्ये चुकूनही नको, तुमच्या दुसऱ्या प्रयोगाची पुनरावृत्ती होईल.

आणि सगळं करूनही पातळ झालंच तर? आम्ही तीन उपाय करतो. वेळ असेल तर डिप पुन्हा फडक्यात घालून तासभर टांगायचं. थोडी साखर पाण्याबरोबर जाईल, नंतर चाखून वाढवा. वेळ नसेल तर दोन मोठे चमचे दुधाची पावडर भुरभुरवून ढवळा आणि पंधरा मिनिटं थांबा, पावडर पाणी पिते. पावडर नसेल तर किसलेला खवा. कच्चं कॉर्नफ्लोअर कुणी सांगितलं तरी घालू नका, गार पदार्थात ते घट्ट करत नाही, नुसतं जिभेवर पिठूळ लागतं. घरातल्या चार माणसांपुरतं असेल तर भाजलेल्या फल्लीदाण्यांचा, म्हणजे शेंगदाण्यांचा, बारीक कूट घालून टाका. डिपचं नाव बदलेल, पण वाया जाणार नाही.

तुमचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला आहे असं धरते. शुक्रवारी रात्री दूध विरजा. शनिवारी दही लागलं की फ्रीजमध्ये, रात्री नऊला टांगा. रविवारी सकाळी चाळून, कालवून अकराच्या आत फ्रीजमध्ये. फळं अडीच किलो लागतील, माणशी शंभर ग्रॅम, त्यात निम्मं संत्रं. चारला संत्र्याच्या फोडी वाऱ्यावर, साडेचारला जाम, पावणेपाचला केळं. मधोमध एक मोठा वाडगा ठेवून सगळ्यांनी त्यात बुडवायचं, असं चित्रात छान दिसतं. पण खाल्लेली फोड पुन्हा बुडवली जाते आणि शेवटच्या पाच जणी हात आखडता घेतात. प्रत्येकीला पळसाचा लहान द्रोण द्या, त्यात दोन मोठे चमचे डिप, आणि फळं पत्रावळीवर बाजूला. वाणाबरोबर ते देखणंही दिसतं. डिप बाहेर काढल्यावर जानेवारीत दोन तास निर्धास्त, त्यापुढे फ्रीज. हीच गोष्ट मे महिन्यात केली तर तासाच्या वर बाहेर ठेवू नका.

उरलं तर झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं, वर थोडं पाणी दिसलं तर ते ओतून टाका, ढवळून आत घेऊ नका. सोमवारी सकाळी पोळीवर पसरून, वर जामाच्या पातळ चकत्या ठेवून, गुंडाळी करून पोरांच्या डब्ब्यात द्या. आणि शनिवारीच एक चमचा द्रोणात घालून बोटाची परीक्षा घ्यायची असेल तर गेल्या वेळचं उरलेलं डिप वापरू नका, ते नापासच होणार.